पिशवीला घुंगट

फोटोग्राफर भेटला की माणूस आधी कॅमेऱ्याची चौकशी करतो. कुठला, विलायती का, केवढ्याला घेतला. वणीत मी स्टुडिओ चालवला, बाहेरगावची लग्नं केली, राजूरच्या खाणीवरचे ग्रुप फोटो काढले, पण ‘मास्तर, कॅमेरा नेता कशात?’ असं मला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी त्या माणसाला खुर्ची देऊन चहा पाजला असता. कारण माझं या धंद्यात जेवढं म्हणून हसं झालं, ते कॅमेऱ्यापायी कमी आणि पिशवीपायी जास्त.

आपला जिल्हा मध्य प्रदेशातून निघून मुंबई राज्यात गेला त्या सुमाराची गोष्ट. नागपूरच्या एका म्हाताऱ्या फोटोग्राफरची नजर अधू झाली होती आणि ते पसारा आवरायला बसले होते. त्यांच्याकडून मी कॅमेरा घेतला. लाकडी पेटीचा, पुढे चामड्याचा भाता, खाली तीन पायांचा स्टँड. मागे दुधी काच, तिच्यावर समोरचं सगळं उलटं दिसायचं. नवरदेव बाशिंगासकट डोक्यावर उभा. ते नीट पाहायला फोटोग्राफर काळ्या कापडात डोकं घालतो. लोकांना वाटतं, आत काहीतरी मंत्र म्हणतो. चित्र साफ दिसलं की दुधी काच हटवायची, तिथे मसाला लावलेली काचेची प्लेट सरकवायची, भिंगाचं झाकण काढायचं, मनात अंक म्हणायचे आणि झाकण परत लावायचं. एवढाच धंदा. बाकी सगळी हमाली.

त्या म्हाताऱ्यांकडे एक देखणी चामडी पिशवी होती. कॅमेरा तिच्यात असा बसायचा, जसं खोबरं करवंटीत. मी तिच्याकडे हात नेला तर म्हणाले, “कॅमेरा न्या. पिशवी राहू द्या, मला तिची सवय आहे.” पुढे कळलं, ते तीतून भाजी आणत.

तशीच पिशवी सीताबर्डीवर एका दुकानात काचेआड होती. आत लाल मखमल. किंमत विचारली, दुकानदाराला नमस्कार केला आणि कॅमेरा घोंगडीत गुंडाळून, मांडीवर लेकरासारखा घेऊन मी वणीला आलो.

घोंगडीने काही दिवस काढले. पण घोंगडीला केस असतात, आणि ते केस नेमके दुधी काचेवर जाऊन बसतात. शिवाय राजूरकडे जायचं म्हणजे एका बाजूने कोळशाची काळी धूळ आणि दुसऱ्या बाजूने चुनाभट्ट्यांची पांढरी. दोन्ही आत शिरल्या म्हणजे फोटोतला गोरा माणूस देवी आल्यासारखा आणि काळा माणूस पीठ सांडल्यासारखा दिसे. उन्हाचं तर बोलूच नका. चैतात कॅमेरा बैलगाडीत उघडा ठेवला तर भात्याचं चामडं पापडासारखं कडक होई.

म्हणून मी बायकोची ट्रंक घेतली. कुसुमच्या माहेरची, हिरव्या रंगाची, झाकणावर गुलाबाचं फूल. तिने आतली लुगडी काढून दिली, पण तोंड असं केलं की मी ट्रंक नव्हे, तिचा भाऊच उचलून नेतो आहे. मारेगावला लग्न होतं. सर्व्हिस मोटारीच्या क्लीनरने ट्रंक पाहिली आणि ती लोकांच्या मांडीशी ठेवायची वस्तू नाही असं ठरवून टपावर फेकली. मिरच्यांची पोती, एक बोकड आणि माझा कॅमेरा असे तिघं टपावरून मारेगावला आले. बोकड शाबूत होता. दुधी काचेचा मात्र चुरा झाला होता.

वऱ्हाडी मंडळी फोटोसाठी बसलेली. मी आचाऱ्याकडून तेल मागितलं, पतंगाचा कागद मागवला, कागदाला तेल चोळलं आणि दुधी काचेच्या जागी ताणून बसवला. उलटा नवरदेव दिसला. फोटो चांगले आले, फक्त कॅमेऱ्याला पुढे कितीतरी दिवस जवसाच्या तेलाचा वास येत होता. काळ्या कापडात डोकं घातलं की मला भूक लागायची.

कुसुमने ट्रंक परत घेतली. फुलाला पोचा आला होता. “आता माह्या ट्रंकेले हात लावसान तर फोटोत तुमीच उलटे दिसान,” ती म्हणाली.

मग डॉक्टरची पिशवी आली. वणीत एक डॉक्टर गाव सोडून मुलाकडे निघाले होते, त्यांचं जुनं सामान स्वस्तात निघालं. त्यात ती काळी पिशवी होती. तोंड वरून दोन्हीकडे उघडणारं, मधे पितळी खटका. आत कॅमेरा बसे, प्लेटा बसत. वापरलेली असल्याने भाव कमी आणि रुबाब जास्त. मला वाटलं, जिंकलो.

ती घेऊन मी मारेगावच्या अलीकडे एका गावात उतरलो. पाटलांच्या घरी बारसं होतं. फाट्यावर उतरून चालू लागलो तर एक बाई शेतातून पळत आली.

“डाक्टर सायेब! बरं झालं बापा, आले तुमी. माह्या सासूनं दोन रोजापासून अन्नाले हात नाई लावला.”

“बाई, मी डॉक्टर नाही.”

“पिशवी तं डाक्टरची हाय.”

“पिशवी डॉक्टरची आहे, मी फोटोवाला आहे.”

तिने मला खालून वर पाहिलं. तेवढ्यात तिचा नवराही आला. त्याला तिने सांगितलं, तर तोही पिशवीकडेच बघत राहिला. कपाशीचे शेतकरी लोक, नडलेले. हातातोंडाशी आलेला डॉक्टर असा सोडायला तयार होईनात. शेवटी नवरा म्हणाला, “असू द्या. आले तं घरी चाला. बुढीले वाटन, कोनी पाहाले आलं.”

गेलो. म्हातारी ओसरीत बाजेवर भिंतीकडे तोंड करून पडली होती. सून मोठ्याने म्हणाली, “आत्याबाई, डाक्टर आले.”

“सुई नाई पायजे,” भिंतीकडून आवाज आला.

“सुई नाही आजी,” मी म्हणालो. “मी फोटो काढतो.”

म्हातारी वळली. “फोटो? कोनाचा?”

मी काही ठरवून बोललो नाही. “तुमचा,” म्हणालो.

ती मला जरा वेळ न्याहाळत राहिली. मग उठून बसली. “ह्या लुगड्यावर? सूनबाई, माह्यं नवं लुगडं काढ. अना तेल आन, डोक्स्याची काय गत झाली!” सून तेल आणायला धावली. तेवढ्यात म्हातारीला आठवलं की गोठ घालायचे राहिले. गोठ हातात चढेनात, तर सुनेला म्हणे, साबण लाव. सगळा साज होईपर्यंत मी अंगणात कॅमेरा उभा केला. म्हातारी सुनेच्या खांद्यावर हात टाकून उन्हात आली, खुर्चीवर ताठ बसली आणि म्हणाली, “लवकर काढ. भूक लागली.”

बारशाला मला उशीर झाला. पाटील चिडले. पण पुढच्या बाजाराला सून फोटो न्यायला आली तेव्हा म्हातारी बरोबर होती, चालत. माझ्या दुकानात बसून तिने फोटो पाहिला आणि सुनेला म्हणाली, “म्यां सांगतलं होतं, गोठ वर सरकव. दिसलेच नाई नीट.”

झालं! त्या भागात माझं नाव ‘फोटोवाले डाक्टर’ पडलं. लोक नाडी पुढे करू लागले. एकाने तर बैल दाखवला. मी खरं सांगायचो, पण पिशवी माझ्यावर विश्वास बसू देत नव्हती.

ती पिशवी गेली ती मारेगावकडच्या एका बंजारा तांड्यात. तांड्याचे नायक, म्हणजे त्या वस्तीचे प्रमुख, त्यांच्या नातवाचं लग्न होतं. मी पोचलो, पिशवी ओट्यावर ठेवायला उचलली आणि खटका तुटला. पिशवीने तोंड उघडलं आणि कॅमेरा खाली निघाला. शेजारी नायकाची बायको सकरीबाई फेटिया पसरून गहू निवडत बसली होती. फेटिया म्हणजे त्या बायकांचा घेरदार घागरा. कॅमेरा थेट त्या घेरात पडला. गहू उडाले, कॅमेऱ्याला खरचटलंही नाही.

सकरीबाईला तांड्यातलं लहानथोर सगळं ‘याडी’ म्हणे, म्हणजे आई. तिने कॅमेरा दोन हातांनी उचलून माझ्याकडे दिला आणि पिशवी बोटाच्या टोकाने धरून पाहिली.

“हे काय घेऊन हिंडतं रे तू?”

“पिशवी आहे, याडी.”

“आमच्या बुढ्यायनं बैलायवर मीठ नेलं, गहू नेला, मुलूख पालथा घातला. बैल बसला तं गोणी बसे, बैल उठला तं गोणी उठे. अना तुले वणीवरून येक पेटी आनता नाई येत?” आणि मग असं हसली की सगळ्या बायका हसायला लागल्या. मीही हसलो. न हसून काय करतो. कॅमेरा तिच्या मांडीवर वाचला होता.

“मी शिवून देतो,” ती म्हणाली. “माप ठेवून जाय.”

माप म्हणून मी पेटीची लांबी-रुंदी दोरीने घेऊन दिली. पैशाचं विचारलं तर तिने हात झटकला. लग्नाचे फोटो चांगले आले की पुरे.

पिशवी आली तेव्हा मी हात जोडले. जाड मांजरपाटाचे दोन पदर, मधे कापूस भरून सगळीकडून बारीक टाके घातलेले, गादीसारखी. पट्टा चांगला वीतभर रुंद, खांद्यावर रुतत नव्हता. आत प्लेटांना वेगळा कप्पा. वरून झाकण असं की त्यातून धूळ काय, मुंगी जायची नाही. आणि बाहेरून? बाहेरून लाल, पिवळा, निळा दोरा, कवड्यांच्या रांगा, आणि जिथे जागा सापडली तिथे आरसा. टोकाला घुंगरं. मी चाललो की दुकानदार माना वर करून बघत, कुणाचं वरातीचं जनावर सुटलं म्हणून.

कुसुम दारात उभी होती. “आली का दुसरी?” ती म्हणाली. “साज तं चांगला हाय.” त्या दिवसापासून घरात पिशवीचं नाव ‘धाकटी’. मी कामावरून आलो की विचारायची, “धाकटीले जेऊ घालू का आधी?”

घुंगरं मी सकरीबाईला विचारून काढली. पण आरशांनी राजूरला घात केला. खाणीवरच्या एका मॅनेजरसाहेबांची बदली झाली होती, निरोपाचा ग्रुप फोटो होता. साहेब मधे हार घालून, बाजूला बाबू लोक, मागे बाकावर मजूर. मी पिशवी स्टँडला अडकवली, काळ्या कापडात डोकं घातलं. उलटे साहेब डोळे मिचकावत होते. मी म्हटलं, “साहेब, डोळे उघडे.” साहेबांनी डोळे मोठे केले आणि लगेच मिटले. मग बाजूचा बाबू मिचकावू लागला. मग मागची रांग. मी डोकं बाहेर काढून पाहिलं, तर वाऱ्याने पिशवी हलत होती आणि तिच्यावरचे कवडसे सगळ्यांच्या तोंडावरून फिरत होते. मजुरांच्या रांगेत हशा पिकला. साहेब मात्र हसले नाहीत. “फोटो काढायला आलात की तमाशाला?” म्हणाले.

रात्रभर पिशवी आतून उलटी करता येईल का पाहिलं. कप्पे बाहेर येत होते. शेवटी कुसुमने माझ्या जुन्या खाकी पँटची खोळ शिवली. खोळ घातली की पिशवी पोस्टमनची वाटे. काम सुरळीत झालं. तांड्याकडे जायचं असलं की मी नाल्याच्या अलीकडे थांबून खोळ काढून खिशात कोंबत असे, आणि येताना नाला ओलांडला की परत घालत असे. सकरीबाईने किती हौसेने टाके घातले होते ते मला ठाऊक होतं. तिला वाईट वाटायला नको.

हे बरेच दिवस चाललं. एकदा वणीच्या बाजारात मी खोळीतली पिशवी खांद्याला लावून वांगी घेत होतो. मागून पट्टा ओढला गेला. सकरीबाई.

तिने खोळीची कड वर केली, आत कवड्या पाहिल्या, कड परत खाली सोडली. मी गडबडीने सांगू लागलो, साहेब, आरसे, कवडसे, डोळे. तिने सगळं ऐकून घेतलं. चेहरा दगडासारखा. भोवती तांड्यातल्या आणखी बायका जमल्या. मग ती त्यांच्याकडे वळून म्हणाली, “नवी नवरी हाय. मोठ्या लोकायपुढं जाते, तं घुंगट घेते.”

बायका अशा हसल्या की वांगीवाल्याने माप चुकवलं. सकरीबाईने मला हळूच विचारलं, “खोळ कोनं शिवली?”

“बायकोनं.”

“टाका लंबा हाय. सांग तिले.”

मी घरी येऊन सांगितलं. कुसुमने रागाने सगळी खोळ उसवून बारीक टाक्यांनी पुन्हा शिवली, आणि पुढच्या बाजाराला स्वतः नेऊन सकरीबाईला दाखवली. तिथून त्या दोघींची ओळख वाढली आणि माझी इज्जत कमी झाली. आता मला दोन्हीकडून ऐकावं लागे.

नायकाचा मात्र मी कधी फोटो काढला नव्हता. लग्नाच्या दिवशीही नाही. मोठा बोलका माणूस. ओट्यावर बसला की बैलांच्या, बाजारांच्या, तांडे दूर दूर जात तेव्हाच्या ऐकलेल्या गोष्टी चालू. कॅमेरा त्याच्याकडे वळवला की उठून जाई. “तुह्या पेटीत मी मावत नाई,” म्हणे.

एका श्रावणात दुपारी त्याचा मुलगा रामधन दुकानात आला. तो राजूरच्या खाणीत कामाला होता. चिखलाने गुडघ्यापर्यंत भरलेला.

“मास्तर, बानं बलावलं. फोटो काढ म्हन्ते.”

“आज? या पावसात?”

“दम लागून राह्यला त्याले. कालपासून सारखं म्हनून राह्यला, फोटोवाल्याले आना.”

मी प्लेटा भरल्या. फाट्यापर्यंत एक मालमोटार मिळाली, पुढे पायी. तांड्याचा नाला छातीपर्यंत होता, गढूळ, जोरात. रामधनने न विचारता पिशवी माझ्या खांद्यावरून काढली, पट्ट्याचा वेढा करून डोक्यावर ठेवली आणि पाण्यात उतरला. मी स्टँड काठीसारखा टेकत मागे. मधोमध त्याचा पाय घसरला. तो कमरेतून वाकला, पाणी हनुवटीला लागलं, पिशवी कलून तिचा तळ पाण्याला टेकला. मी ओरडलो. त्याने मान ताठ ठेवली, चाचपडत पाय रोवला आणि निघाला. पैलतीरावर मी आधी त्याला विचारायला हवं होतं, लागलं का. मी आधी पिशवी उघडली. बाहेरचा कापूस पाणी पिऊन जड झाला होता. आत हात घातला, प्लेटांचा कप्पा कोरडा.

नायक बाजेवर उशाला टेकून बसला होता. पागोटं बांधलेलं. श्वास तुटत होता, बोलणं तुटत नव्हतं.

“आला का? घुंगट काढ त्या पिशवीचा. घरी आली ते.”

मी ओली खोळ काढली. बाज दारापाशी ओढून घेतली, तरी उजेड कमी. भिंगाचं झाकण बराच वेळ काढून ठेवावं लागणार होतं. मी समजावलं, “नायक, मी हात वर केला की हलायचं नाही. बोलायचं नाही.”

“बरं,” तो म्हणाला.

मी झाकण काढलं. त्याने जरा दम धरला, आणि मग दारात उभ्या असलेल्या सकरीबाईकडे पाहून म्हणाला, “पाह्य, मले गप बसवाले वणीवरून मानूस आनावा लागला.”

प्लेट वाया गेली. सकरीबाई तोंडाला ओढणी लावून हसली की काय, मला दिसलं नाही. दुसरी प्लेट घातली. या वेळी तो खरंच गप बसला. डोळे समोर, हात गुडघ्यावर, दगडी देवासारखा. तो फोटो सुरेख येणार हे मला झाकण लावतानाच कळलं.

नायक त्याच आठवड्यात गेला. मी दुसऱ्या प्लेटचा मोठा फोटो केला, कडा कापल्या, पुठ्ठ्यावर चिकटवला. पहिली प्लेट, अंदाज पाहायला म्हणून, धुतली होती. तिचा एक लहान कागद काढून बाजूला टाकला होता.

पाऊस उघडला नव्हता तरी सकरीबाई बाजाराच्या दिवशी आली. कुसुमने तिला आत बसवलं. मी मोठा फोटो तिच्या हातात दिला. तिने तो उजेडाकडे धरला. मला वाटलं, आता रडेल. ती म्हणाली, “चांगला हाय. पण हा कोन?”

“याडी, नायक आहेत ना.”

“इतका गुमसुम तं तो मेल्यावरबी नोयता वाटत.” ती माझ्या टेबलाकडे बघू लागली. “तवा दोनदा काढला होता तू. दुसरा कुठं हाय?”

मी म्हणालो, तो बिघडला. ते बोलले ना, तोंड हललं. तिने हात पुढे केला तो केलाच. मी कागद शोधून दिला. त्यात पागोटं साफ होतं, हात साफ होते, आणि दाढीमिशांच्या जागी नुसता पांढरा धूर. डोळे दाराकडे वळलेले.

सकरीबाईने तो कागद डोळ्यांजवळ नेला आणि मग तिचे खांदे हलू लागले. कुसुम तिच्याजवळ जाऊन बसली. बाहेर बाजार चालू होता. मी काळं कापड उगीच घडी करत उभा राहिलो.

“हा देजो मले,” ती शेवटी म्हणाली. “तो मोठा तुह्या दुकानाच्या काचीत लाव. गिऱ्हाइकायले दाखव, कसं बसावं ते.”

“नेणार कसा? भिजेल.”

तिने भिंतीवरची पिशवी उतरवली, आतला कॅमेरा दोन हातांनी काढून माझ्या टेबलावर ठेवला, कागद प्लेटांच्या कप्प्यात घातला आणि पट्टा खांद्यावर टाकून निघाली. त्या आठवड्यात मी बाहेरगावचं एकही काम घेतलं नाही. आलेल्या लोकांना सांगितलं, पिशवी गावाला गेली आहे.

पुढच्या बाजाराला ती पिशवी घेऊन आली. जिथे नाल्याचं पाणी लागलं होतं, तिथला कापूस बदलून नवे टाके घातले होते.

“पोचला का फोटो नीट?” मी विचारलं.

“पोचला,” सकरीबाई म्हणाली. “खाटेपाशी लावला. अजून बोलूनच राह्यला.”